बालकाचे पहिले शिक्षण आणि आपली घरे

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील महिला-सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या सत्रात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहो. आम्ही पंडिता नव्हे. बालवाडीत उणीपुरी तीस वर्षे मुलांच्या घोळक्यात बसण्याचे भाग्य आम्हांस लाभले, एवढाच आमचा अधिकार. त्यामुळे जे सांगणार आहो त्यात सिद्धांत थोडे आणि डोळ्यांनी पाहिलेले अधिक असेल. ते आपण गोड मानून घ्यावे.

आपल्या संस्थेच्या कार्याचा अहवाल आताच वाचला गेला. शालान्त परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार, गरजूंस शिष्यवृत्ती, वधूवर मेळावा, समाजमंदिराची दुरुस्ती, ही सारी कामे स्तुत्य आहेत. परंतु एक गोष्ट आमच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. आपली संस्था मुलाकडे प्रथम लक्ष देते ते त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आकडे उमटल्यावर. मुलाच्या बुद्धीचा पाया ज्या काळात भरला जातो, त्या पहिल्या सहा वर्षांविषयी आपल्या अहवालात एक ओळही नाही. यंदा मात्र येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. समाजमंदिराच्या तळमजल्यावर ज्ञातीची स्वतःची इंग्रजी माध्यमाची नर्सरी काढावी, असा तो ठराव. त्या निमित्ताने हा विषय निघाला आहे, तर तो मुळापासून बोलून घ्यावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम आमच्याच चुकीची कथा सांगतो. कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपली झोळी आधी झटकून दाखवावी, हे बरे.

१९७८ सालची गोष्ट. आमचा थोरला मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. पुढील वर्षी त्याचे नाव शाळेत घालावयाचे, तेव्हा त्याआधीच त्यास मुळाक्षरे आणि शंभरपर्यंत अंक लिहिता आले पाहिजेत, असा आमचा हट्ट. शेजारच्या घरातील मूल लिहू लागले होते आणि आमचे लिहीत नव्हते, हे त्या हट्टाचे खरे कारण. ते आज मान्य करावयास लाज वाटत नाही. रोज तिन्हीसांजेस आम्ही त्यास पाटीपुढे बसवीत असू. त्यातच मूल डावखुरे निघाले. आमचे मामंजी जुने शिंपी. डाव्या हाताच्या मनुष्यास कात्री चालवता येत नाही, हा त्यांचा अनुभव, आणि तो अगदीच खोटा नव्हता. बाजारात मिळणाऱ्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानेच एकमेकांस चिकटतात, डाव्या हातात ती फाकतात आणि कापड कापण्याऐवजी चुरगळते. मुलगा पुढे धंद्यास मुकेल या भीतीने त्यांनी सांगितले आणि आम्ही ऐकले. त्याच्या डाव्या मनगटास मांजरपाटाची पट्टी बांधून आम्ही त्यास उजव्या हाताने लिहावयास लावले. हात चालेना, अक्षर वळेना, आणि आमचा हात मात्र त्याच्या पाठीवर सहज चाले.

एके दिवशी पाटी नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती चिंध्यांच्या गाठोड्यात सापडली. त्याने ती लपविली होती. आम्ही त्यास रागे भरण्यासाठी दुकानात गेलो, तो काय पाहतो? मामंजी एका सदऱ्यास गुंड्या लावीत बसलेले आणि हा मुलगा त्यांच्या शेजारी. मामंजींनी त्याच्याकडे न पाहताच हात पुढे केला आणि म्हणाले, "सदऱ्याच्या दे." मुलाने डबा उघडून त्यातून एकाच मापाच्या, चार भोकांच्या सात पांढऱ्या गुंड्या निवडून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. सहा नव्हेत, आठ नव्हेत. ज्या मुलास सात हा आकडा लिहिता येत नाही म्हणून आम्ही सकाळी मारले होते, त्यास सात म्हणजे काय हे उत्तम ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हांस.

त्या दिवसापासून मनगटाची पट्टी सुटली. पुढे आम्ही बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला, त्याचे मूळ त्या सात गुंड्यांत आहे. मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, डाव्या हातानेच लिहितो, आपला व्यवसाय उत्तम सांभाळतो. परंतु आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो तर अजूनही त्याचा लिहिता हात थांबतो आणि तो कागद किंचित बाजूस सारतो. त्यास त्याचे भान नसेल, आम्हांस आहे. लहानपणी मनावर बसलेला वळ किती टिकतो, याचा याहून अधिक पुरावा आम्हांस नको.

असो. आता विषयाकडे वळू.

लहान मुलास शिकवावयाचे म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न जगात काही आपणांसच प्रथम पडलेला नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. मूल हे रोप आहे आणि शिक्षक हा माळी, अशी त्यामागील कल्पना. पुढे मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामकरी वस्तीत 'बालगृह' उघडले. जी मुले दांडगी म्हणून ओवाळून टाकलेली, तीच मुले हाताला योग्य काम मिळताच तासन्‌तास तन्मय होऊन बसतात, हे त्यांनी जगास दाखविले. या बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे कित्येक वर्षे येथेच राहून त्यांनी शिक्षक तयार केले.

आपल्या देशात हे काम भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी केले. हे गृहस्थ मूळचे वकील. वकिली सोडून ते 'दक्षिणामूर्ती' संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. लोक त्यांस प्रेमाने 'मिशावाली आई' म्हणत. आपल्या पुरुषवर्गाने हे विशेषण कानात साठवून ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांचे नाव महाराष्ट्रास नवे नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ साली ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या आणि ताराबाईंच्या पश्चात १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या देहान्तापर्यंत, त्यांनी ते व्रत चालविले.

या इतिहासातील एक प्रसंग आजच्या विषयास फार जवळचा आहे. बोर्डीस बालवाडी निघाली. पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः काढली, त्या दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांस दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरविले. अंगणात नेलेली ती अंगणवाडी. महागडी परदेशी साधने तेथे कोठून येणार? खडे, शिंपले, पाने, काड्या, बिया हीच तेथील साधने झाली. १९७५ साली २ ऑक्टोबर रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

या प्रसंगातून आम्ही घेतलेला बोध असा, की शिक्षणाचे साहित्य विकत आणावे लागत नाही; ते घरात असतेच, पाहणारी दृष्टी मात्र लागते. आणि भगिनींनो, या बाबतीत शिंप्याच्या घराएवढे श्रीमंत घर शोधून सापडणार नाही.

गुंड्यांचा डबाच घ्या. तीन वर्षे उलटलेल्या मुलापुढे तो एका ताटात ओता आणि म्हणा, "लाल लाल एकीकडे काढू या." ते जमले की मोठ्या आणि लहान, मग दोन भोकांच्या आणि चार भोकांच्या. मूल वस्तूंचे गुण ओळखते, साम्य आणि भेद पाहते, वर्ग पाडते. शाळेतील गणित आणि विज्ञान पुढे जे करावयास सांगते त्याचा हा आरंभ होय. मग जुन्या सदऱ्याची काजे त्याच्यापुढे धरा. एका काजास एक गुंडी; काज उरले का, गुंडी उरली का? मोजण्याचे मूळ या जोडीत आहे. 'एक, दोन, तीन' हे शब्द पाठ म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलास "ताटातून पाच गुंड्या दे" म्हणावे, आणि त्याने मूठभर आणून द्याव्या, हे दृश्य आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे.

कापडाच्या तुकड्यांची पिशवी घ्या. मखमल, खण, पॉपलीन, रेशीम, मांजरपाट. डोळे मिटून हाताने ओळखावयाचे. मऊ, खरखरीत, गुळगुळीत, जाड, पातळ हे शब्द मुलास पुस्तकातून नव्हे, बोटांतून मिळतात. रुमालाची घडी घालावयास द्या. अर्धा आणि पाव यांची ओळख तेथेच होते. मापाची टेप द्या. आजोबांचा हात लांब की ताईचा, उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत टेप किती वेळा लागते, हे त्याने पाहावे. जाड पुठ्ठ्यास भोके पाडून बुटाची नाडी द्या आणि धावदोरा घालू द्या. रिकामी रिळे दोरीत ओवू द्या. या कामांत बोटांचे जे स्नायू तयार होतात, त्यांच्याच बळावर पुढे पेन्सिल धरली जाते.

येथे एक कडक सूचना. सुई, कात्री आणि चालू यंत्र यांजजवळ मूल एकटे सोडू नये. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती गुंड्या मुळीच देऊ नयेत. तो त्या तोंडात घालतो आणि त्या श्वासनलिकेत अडकतात. त्याहून मोठ्या मुलापुढेही डबा उघडावा तो आपण शेजारी बसूनच. खेळण्यांतील आणि घड्याळांतील गुंडीसारखे चपटे सेल तर घरात कुलपात ठेवावे. असा सेल मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला, तरी क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. तो अन्ननलिकेस थोड्या तासांतच भाजून काढतो.

आता भाषेविषयी. मुलाच्या शिक्षणात बोलण्यास जे महत्त्व आहे ते दुसऱ्या कशासही नाही. संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंची परंपरा सांगणारे आपण. जात्याशी बसून ओवी म्हणणारी आजी ही आपल्याकडील पहिली बालशिक्षिका होती. मांडीवरचे मूल ताल ऐके, शब्द ऐके, नात्यांची आणि नद्यांची नावे ऐके. जाते गेले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्या दळणात बायकांची हाडे झिजत. परंतु जात्याबरोबर बोलणेही गेले, ही हानी खरी. आज आई भाजी निवडते, पण मुकाट्याने; मूल शेजारी असते, पण दूरध्वनीच्या पडद्यात. "ही मेथी, हिचे पान गोल, हा पालक, याचे लांब, तू देठ मोड, मी पाने घेते" एवढे बोलणे दहा मिनिटे झाले, तरी तो एक धडा होतो, आणि भाजीही निवडून होते.

मुलास रोज गोष्ट सांगावी. एकच गोष्ट ते दहा वेळा मागेल, कंटाळू नये. त्या पुनरुक्तीतच त्यास वाक्याचा आकार सापडत असतो. पुस्तक असेल तर मांडीवर घेऊन, बोट फिरवीत वाचावे. मुलाने विचारलेल्या प्रश्नास "गप्प बस" हे उत्तर देऊ नये. ठाऊक नसेल तर "आपण दोघे शोधू" म्हणावे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्या आईजवळ ना पाटी होती ना अभ्यासक्रम. रोजच्या कामात आणि रोजच्या बोलण्यात तिने मुलास घडविले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

अक्षरांचे काय, असे आपण विचाराल. अक्षरे अवश्य यावीत, पण क्रमाने. आधी कान, मग डोळा, शेवटी हात. "कमल, कप, कणीस, यांच्या आरंभी कोणता आवाज येतो?" हा खेळ चार वर्षांचे मूल आनंदाने खेळते. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालणारी आहे, हे मोठे भाग्य. ज्यास आवाज वेगळा काढता आला त्यास अक्षर शिकण्यास वेळ लागत नाही. मग अक्षराचा आकार खरखरीत कापडातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि मुलाने त्यावर बोट फिरवावे. पूर्वीची धूळपाटी हेच काम करीत असे. परातीत रवा पसरून बोटाने अक्षर काढू द्यावे. ओळीत लिहिण्याची घाई पाच वर्षांच्या आत करू नये. सहा-सात वर्षांपर्यंत एखादे अक्षर उलटे काढले, तर तो दोष मानू नये. आणि मूल ज्या हाताने लिहील त्या हाताने लिहू द्यावे. डावखुऱ्यांसाठी उलट्या पात्यांची कात्रीही आता मिळते. मामंजींची ती अडचण उरलेली नाही.

अंकांच्या बाबतीत आपल्या भाषेतील एक अडचण ध्यानी घ्यावी. मराठीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. 'एकोणतीस' म्हणताना तर तिसाचे नाव घेऊन विसातील संख्या सांगावयाची. मूल २१ च्या जागी १२ लिहिते ते मठ्ठपणामुळे नव्हे. ते कानाने ऐकले तसे लिहिते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोड दिली गेली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला, हे आपणांस स्मरत असेल. वाद काही असो, अडचण खरी होती. म्हणून शाळेपूर्वी वीसपर्यंतच्या संख्या वस्तूंनिशी पक्क्या झाल्या, तर ते पुष्कळ झाले.

आता इंग्रजीविषयी. आपल्या आयांस इंग्रजीची ओढ का वाटते, हे आम्ही जाणतो. दुकानाच्या पाटीवरून आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून ज्यांस आयुष्यभर उणेपणा सोसावा लागला, त्यांनी आपल्या मुलांस तो सोसावा लागू नये असे म्हटले, तर त्यांस हसणारे आम्ही कोण? इंग्रजी यावीच. परंतु मुलाची पहिली समज त्याच्या घरच्या भाषेत उमलते, हे युनेस्कोने १९५३ सालीच प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितले आहे, आणि भारत सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तेच उचलून धरले आहे. प्रत्यक्षात घडते काय? ज्या आईस मराठीत हजार गोष्टी सांगता येतात, ती नर्सरीच्या सांगण्यावरून मुलाशी दहा-वीस इंग्रजी शब्दांत बोलू लागते. "ईट, सिट, कम, नो" यापलीकडे ते संभाषण जात नाही. मुलास इंग्रजी तर मिळत नाहीच, वर आईची मराठीही हिरावली जाते. हा व्यवहार कोणत्याही हिशेबी दुकानदाराने तोट्याचाच ठरवावा.

पडद्याविषयी दोन शब्द. २०२० साली महामारीमुळे शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या आणि चिमुकली मुले मोबाईलपुढे बसविली गेली. तो आपद्धर्म होता. आपत्ती सरली, पण सवय उरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की एक वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी तर अधिक बरे. तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसभरात तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप हवी. मूल जेवावे म्हणून ताटापुढे मोबाईल ठेवणाऱ्या भगिनींस आम्ही दोष देत नाही. घरात दुसरे माणूस नसते आणि शिलाईचा गठ्ठा संध्याकाळी पोहोचवावयाचा असतो. मात्र तो उपाय आहे, शिक्षण नव्हे, एवढे मनात असावे.

आणि येथेच पुरुषवर्गास आम्ही आता मिशावाल्या आईची आठवण देतो. घरचे शिक्षण म्हटले की ते आईच्या गळ्यात घालून मोकळे व्हावे, असा आमचा आशय मुळीच नाही. जी स्त्री पहाटेपासून स्वयंपाक करते, दुपारी यंत्रावर बसते आणि रात्री काज करते, तिला आणखी एक काम लावणे हे पाप होय. बापाने रोज वीस मिनिटे द्यावीत. आजोबांनी डबा उघडावा. आमच्या मुलास सात ही संख्या आम्ही शिकविली नव्हती. ती मामंजींनी, शिकवितो आहो हे मनातही न आणता शिकविली होती.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारली असता वळत नसेल, नजरेस नजर देत नसेल, तर "आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात" म्हणून थांबू नये. डॉक्टरांस दाखवावे, कान तपासून घ्यावेत. उपाय लवकर झाला तर गुण येतो. यात लपविण्यासारखे किंवा पुढे सोयरिकीस आड येण्यासारखे काही नाही, हे आपल्या ज्ञातीने एकदा स्पष्ट बोलून टाकावे.

आता ठरावाविषयी. नर्सरीस आमचा तत्त्वतः विरोध नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांस मुलांसाठी सुरक्षित जागा हवी, हे उघड आहे. परंतु ती काढावयाची तर बाकांची आणि वह्यांची नको. मुलाची मुलाखत नको. शाळाप्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास शिक्षणहक्काच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, मनाई केली आहे. त्या कायद्याचा हेतू आपण आपल्या तळमजल्यावर मोडू नये. आणि खोली बांधून, बाई नेमून नर्सरी उभी राहीपर्यंत दोन वर्षे सहज जातील. आज तीन वर्षांचे असलेले मूल तोपर्यंत थांबणार नाही. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत, आणि त्यांस खर्च जवळजवळ नाही.

पहिली सूचना : संस्थेने दहा पेट्या कराव्यात. प्रत्येकीत गुंड्या, तुकडे, रिळे, नाडीचे पुठ्ठे, खरखरीत अक्षरे आणि पाच-सहा चित्रमय पुस्तके असावीत. पेटी पंधरा दिवस एका घरी राहावी आणि मग पुढच्या घरी जावी. साहित्य आपल्याच दुकानांतून गोळा होईल.

दुसरी : महिन्यातून एका रविवारी समाजमंदिरात लहान मुलांच्या आईबापांनी एकत्र बसावे. भाषणे नकोत, मुलांनी खेळावे, मोठ्यांनी पाहावे आणि अडचणी बोलाव्यात. आजी-आजोबांनी गोष्टी सांगाव्यात. ज्या अंगणवाडीस आपण 'ती आपल्यासाठी नव्हे' म्हणून नाक मुरडतो, तेथील सेविकाताईंस सन्मानाने बोलवावे. त्यांस जे ठाऊक आहे ते आपणांस शिकावयाचे आहे.

तिसरी : मेळाव्यात सहा वर्षांखालील मुलांची जी पाठांतराची स्पर्धा होते, ती बंद करावी. मंचावर रडणारे मूल आणि त्यास पडद्याआडून डोळे वटारणारी आई, हे चित्र आज सकाळीही आपण पाहिले. बक्षीस एकास मिळते आणि भीती पंचवीस जणांस.

आणखी एक विनंती आहे. ती कदाचित सर्वांस रुचणार नाही. या पेट्यांवर ज्ञातीचे नाव खुशाल घालावे, पण पेटी ज्ञातीपुरती ठेवू नये. आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत जे मूल आपल्या मुलाबरोबर खेळते, त्याच्या घरीही ती जावी. ताराबाईंनी शाळा ज्या अंगणात नेली, ते अंगण त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. चार वर्षांचे मूल गुंड्या निवडते ती रंगाने आणि मापाने. माणसे निवडण्यास आपण त्यास शिकवू नये.

गेल्या दिवाळीत आमची धाकटी नात, वय वर्षे चार, दुकानात जुना डबा घेऊन बसली होती. तिचा बाप, म्हणजे आमचा तोच मुलगा, शेजारी बसला. तिने रव्याच्या परातीत बोटाने काहीतरी गिरविले. ते सात होते की चार, हे आम्हांस उमगले नाही. आम्ही जवळ गेलो आणि काही सुधारून सांगण्यासाठी तोंड उघडले. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि हळूच म्हटले, "आई, राहू दे. तिचे चालले आहे." आम्ही राहू दिले.

 ठरावाच्या दिवशी या सूचनांचाही विचार व्हावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.